घरात रेंज नाही म्हणून राउटरला बाहेरचा अँटेना लावताय? आधी हे वाचा

गावच्या घरून काम करायचं म्हटलं की सगळं जमतं, अडतं ते रेंजपाशी. कोकणात तर जास्तच, कारण घरं सगळी खाली, ओढ्याच्या नाहीतर खाडीच्या कडेला, भोवती माड नि आंबे, आणि टॉवर कुठेतरी वर सड्यावर किंवा पलीकडच्या गावात. सड्यावर गेलं की फोनला फुल काड्या, घरात आलं की एक काडी, ती पण कधी असते कधी नसते. मग कोणीतरी सांगतं की सिमवर चालणाऱ्या राउटरला बाहेरचा अँटेना लाव, सगळं ठीक होईल, आणि लोक ऑनलाईन जाऊन "३५ डीबीआय सुपर पॉवर" लिहिलेला अँटेना मागवतात (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल किती वाढवतो त्याचं माप), सोबत वीस मीटर बारीक वायर, आणि लावून झाल्यावर स्पीड होता तेवढाच किंवा आधीपेक्षा कमी.

अँटेना उपयोगाचा नाही असं अजिबात नाही. नीट लावला तर घरातला रडतखडत चालणारा फोरजी राउटर मीटिंगला बिनधास्त वापरता येतो. पण अँटेना हा यातला शेवटून दुसरा निर्णय आहे. त्याआधी जागा, टॉवर, बँड (टॉवर ज्या लहरींवर बोलतो तो पट्टा) आणि वायर या गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत एवढं केल्यावर अँटेना घ्यायची गरजच उरत नाही.

अजून एक, खर्च करायच्या आधी गावात फायबर येतंय का ते विचारून घ्या. सरकारच्या भारतनेटची लाईन ग्रामपंचायतीपर्यंत आलेली असते आणि तिथून पुढे घरी कनेक्शन देणारा लोकल केबलवाला असू शकतो. जिओ किंवा एअरटेलचं एअरफायबर तुमच्या पत्त्यावर मिळत असेल तर ते लोक स्वतःच बाहेर बसवायचं युनिट आणून लावतात, तुम्हाला काही करायला नको. हे दोन्ही नसेल तर पुढे वाचा.

बूस्टर आणि अँटेना एक नाही

हे आधीच सांगतो कारण दुकानदार सुद्धा गोंधळ करतात. बूस्टर किंवा रिपीटर म्हणजे टॉवरचा सिग्नल पकडून, वाढवून, परत हवेत सोडणारं मशीन, त्याला वीज लागते, घरात एक अँटेना आणि बाहेर एक असतो. असं मशीन परवानगीशिवाय लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, ऑनलाईन सर्रास मिळत असलं तरी. त्याने आजूबाजूच्या सगळ्यांच्या नेटवर्कमध्ये गडबड होते, आणि दूरसंचार विभागाचे वायरलेस मॉनिटरिंगवाले अशी मशीनं शोधून काढून टाकतात. आपण ज्याबद्दल बोलतोय तो नुसता अँटेना, त्याला वीज लागत नाही, तो फक्त राउटरच्या छोट्या दांडीच्या जागी मोठा आणि चांगल्या जागी बसवलेला तुकडा. तेव्हा कोणी "घरभर फोनला पण रेंज येईल" असं सांगून काही विकत असेल तर ते बूस्टर आहे असं समजा.

काड्या विसरा, आकडे बघा

राउटरच्या किंवा फोनच्या काड्या कंपनीने आपल्या मनाने ठरवलेल्या असतात, त्यावरून काही कळत नाही. आपल्याला दोन आकडे हवेत, आरएसआरपी आणि एसआयएनआर.

आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. हा कायम मायनसमध्ये असतो, म्हणून नवीन माणूस फसतो, मायनस ९० हे मायनस ११० पेक्षा चांगलं. ढोबळ हिशोब असा की मायनस ८० किंवा त्याहून वर असेल तर मस्त, मायनस ९५ पर्यंत चांगलं, मायनस १०५ च्या आसपास चालतं पण कुरकुरत, आणि मायनस ११५ च्या खाली गेलं की कधी तुटेल सांगता येत नाही. एसआयएनआर म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे, बाकीच्या टॉवरच्या गोंगाटात तुमचा टॉवर किती वेगळा ऐकू येतोय. २० च्या वर उत्तम, १० ते २० चांगलं, ५ च्या खाली रडकुंडीला आणणार, शून्याच्या खाली तर पेज उघडायलाच वेळ लागतो. दोन्हीत कुठला जास्त महत्त्वाचा विचाराल तर मी एसआयएनआर म्हणेन. रेंज जोरदार पण एसआयएनआर २ असेल तर स्पीड येत नाही, आणि आरएसआरपी मायनस १०३ असूनही एसआयएनआर १५ असेल तर आरामात व्हिडिओ कॉल होतो.

कुठे कुठे आरएसएसआय नावाचा तिसरा आकडा दाखवतात, तो मायनस ७५ वगैरे बघून खूश होऊ नका. त्यात सगळा गोंगाट पण मोजलेला असतो आणि तो आरएसआरपीपेक्षा वीसेक डीबीने (डीबी म्हणजे सिग्नलचं माप) तरी बरा दिसतोच.

आकडे मिळतात राउटरच्या पेजवर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (राउटरच्या खाली स्टिकर असतो त्यावर पत्ता आणि पासवर्ड लिहिलेला असतो), आत स्टेटस नाहीतर डिव्हाइस इन्फो मध्ये बघा. काही कंपन्यांचे राउटर हे लपवतात. मग अँड्रॉइड फोनवर नेटमॉन्स्टर किंवा नेटवर्क सेल इन्फो लाईट टाका, त्यात आकडे, बँड, टॉवरचा सेल आयडी (म्हणजे त्याचा ओळख नंबर) सगळं दिसतं. आयफोनवाल्यांनी *३००१#१२३४५#* डायल करायचं, सॅमसंगवर *#००११# चालतं. सिम मात्र तेच पाहिजे जे राउटरमध्ये टाकणार आहात.

आता एक वही घ्या, मी खरंच वही म्हणतोय, आणि घरभर फिरा. माजघर, ओटी, पडवी, माळा, मागचं परसू, गोठा, विहिरीजवळ, जमलं तर गच्चीवर किंवा शिडी लावून कौलापर्यंत. प्रत्येक जागी मिनिटभर थांबून बँड, आरएसआरपी, एसआयएनआर आणि सेल आयडी लिहा. फोन हातात धरून चालत चालत बघितलेले आकडे काही कामाचे नाहीत, ते उड्या मारत असतात.

आमच्या मामाकडे हेच केलं तर मजा दिसली. घर जांभ्याचं, भिंती दीड फुटाच्या, माजघरात आरएसआरपी मायनस ११६, ओटीवर मायनस १०९, आणि माळ्यावर, कौलांच्या खाली, मायनस १०१. फक्त वर गेल्यावर पंधरा डीबी. ३ डीबी म्हणजे दुप्पट ताकद आणि १० डीबी म्हणजे दहापट, तर पंधरा म्हणजे तीस पटीच्या वर, आणि याला एक रुपया लागला नाही.

टॉवर कुठला, बँड कुठला

टॉवर कुठे आहे ते बघायला दूरसंचार विभागाची तरंग संचार म्हणून साईट आहे, २०१७ साली सुरू झालेली, तिथे नकाशावर टॉवर दिसतात आणि कुठल्या कंपनीचे ते पण. शिवाय सेलमॅपर अ‍ॅप आहे, पण आपल्या गावाकडे त्यात माहिती कमी असते. तसं गावातल्या पोरांना विचारलं तर सगळे टॉवर माहीत असतात, कुठल्याची बॅटरी लाईट गेल्यावर लगेच बसते हे सुद्धा. हे विचाराच. टॉवरची बॅटरीच टिकत नसेल तर तुमच्याकडे इन्व्हर्टर असून काय उपयोग.

मग गुगल अर्थमध्ये तुमचं घर ते टॉवर अशी रेघ ओढून उंचीचा आलेख बघा. मध्ये डोंगराचं पोट आडवं येत असेल तर त्या टॉवरचा नाद सोडा, दुसरा लांबचा पण सरळ दिसणारा टॉवर बरा. खाडीपलीकडचा टॉवर पाच-सहा किलोमीटर असून कामाला येतो आणि डोंगरामागचा दीड किलोमीटरवरचा येत नाही, हे कोकणात नेहमीचं.

आता बँड, आणि इथे जरा थांबतो कारण अँटेनाचा खरा फायदा इथेच आहे. जिओचं फोरजी तीन बँडवर चालतं, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ३ म्हणजे १८०० आणि बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ. एअरटेलकडे ९००, १८००, २१०० आणि २३००, सर्कलप्रमाणे थोडा फरक. व्हीआयकडे ९००, १८००, २१०० आणि काही ठिकाणी २५००. बीएसएनएलचं नवीन फोरजी ७०० आणि २१०० वर आहे. नियम साधा आहे, आकडा लहान तेवढी लाट लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, पण त्या बँडमध्ये कंपनीकडे जागा कमी असते म्हणून स्पीड मर्यादित आणि सगळा गाव त्याच्यावरच लटकलेला. आकडा मोठा तर स्पीड चांगला पण भिंत, झाड, डोंगर काही सहन होत नाही.

त्यामुळे घरात ठेवलेला राउटर हमखास ८५० किंवा ९०० ला चिकटतो, कारण तेवढंच आत येतं. बाहेर, उंचावर अँटेना गेला की तोच राउटर १८०० किंवा २३०० पकडू शकतो. काड्या कदाचित एकने कमी दिसतील, पण स्पीड ३ एमबीपीएसवरून २५ वर गेलेला असतो. कित्येक लोक इथेच घाबरून अँटेना काढून टाकतात की रेंज कमी झाली म्हणून! आधी बँड बघा मग बोला.

राउटरमध्ये बँड लॉक करायची (म्हणजे ठरवलेल्या बँडवरच बांधून ठेवायची) सोय असेल तर एकेक बँड लॉक करून सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमाराला एकदा स्पीड टेस्ट करा. राउटर कॅट ४ असेल (कॅट म्हणजे राउटरच्या वेगाची प्रतवारी) तर एका वेळी एकच बँड वापरतो, कॅट ६ पासून पुढे दोन बँड जोडून वापरता येतात. नवीन घेणार असाल तर कॅट ६ घ्या, आणि त्यात तुमच्या कंपनीचे बँड आहेत ना ते बघून. परदेशातून कोणी आणून दिलेल्या राउटरमध्ये बँड ४० नसतो असं होतं.

जागा आधी, अँटेना नंतर

घरभर फिरून जी सगळ्यात चांगली जागा सापडली तिथे आधी राउटरच नेऊन ठेवा. माळ्यावर नेऊन ठेवला आणि दोन दिवस चालवून बघितला तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. वायफाय खाली येत नाही ही तक्रार असेल तर माळ्यावरच्या राउटरमधून एक लॅन केबल खाली सोडा आणि खाली साधा वायफाय राउटर लावा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत निवांत चालते, त्यात सिग्नल गळत नाही, आणि अँटेनाच्या वायरपेक्षा कितीतरी स्वस्त.

हे मी एवढं घोकून सांगतोय त्याचं कारण अँटेनाची वायर. कच्च्या पाटातून पाणी सोडलं की बागेत पोचेपर्यंत निम्मं जिरतं, तसं या वायरचं आहे. अँटेनासोबत येते ती बारीक काळी वायर बहुतेक वेळा आरजी-५८ किंवा तिच्याहून बारीक असते. आरजी-५८ मध्ये २३०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमागे ८ ते १० डीबी जातात. म्हणजे १० डीबीआयचा अँटेना घेतलात आणि दहा मीटर वायर लावलीत की जमाखर्च शून्य, वर पैसे गेले. ८५० ला तेवढ्याच लांबीत ५ च्या आसपास जातात, म्हणून तिथे जरा बरं वाटतं. एलएमआर-४०० नावाची जाड वायर मिळते, तिच्यात २३०० ला दहा मीटरमागे दोन-सव्वादोन डीबीच जातात, पण ती बोटाएवढी जाड, वळत नाही, महाग, आणि तिची कनेक्टर बसवणारा माणूस तालुक्याला मिळेल याची खात्री नाही. मधली एलएमआर-२०० पाच मीटरपर्यंत ठीक.

म्हणून माझा नियम, अँटेनाची वायर पाच मीटरच्या आत ठेवायची आणि बाकीचं अंतर लॅन केबलने कापायचं. राउटर अँटेनाच्या जवळ न्या, अँटेना राउटरच्या जवळ ओढू नका. घरापासून लांब, समजा परसातल्या उंचवट्यावर चांगली रेंज असेल तर बाहेर बसवायचा राउटरच घ्या, ज्याच्यात अँटेना आतच असतो आणि वीज पण लॅन केबलमधूनच जाते. तो खांबावर लावला की एकच केबल घरात येते. मला विचाराल तर आज नवीन सुरुवात करणाऱ्याने सरळ हाच पर्याय घ्यावा, वेगळा अँटेना हा ज्यांच्याकडे चांगला राउटर आधीच आहे त्यांच्यासाठी.

डिश टीव्हीची उरलेली वायर वापरू का असं खूप जण विचारतात. ती आरजी-६, ७५ ओहमची, आणि आपल्याला ५० ओहमची हवी. त्या फरकाने फार नुकसान होत नाही पण त्याला कनेक्टर जुळवता जुळवता जे जुगाड होतात त्यात सगळा फायदा जातो. नकोच.

अँटेना निवडताना

मुळात राउटरला बाहेरचा अँटेना लागतो का ते बघा. काही राउटरच्या दिसणाऱ्या दांड्या फक्त वायफायच्या असतात आणि सिमचा अँटेना आत बंद असतो. मागे दोन पितळी पिळाचे पोर्ट आणि त्यावर एलटीई (फोरजीचंच दुसरं नाव) असं काही लिहिलेलं असेल तर जमलं. हे पोर्ट एसएमए असतात. वायफायच्या अँटेनाला दिसायला तसंच पण आतून उलटं कनेक्टर असतं, आरपी-एसएमए. ओळख अशी की राउटरच्या पोर्टमध्ये मधोमध भोक असेल तर एसएमए, पिन असेल तर आरपी-एसएमए. चुकीचं घेतलंत तर पीळ बसतो, घट्ट पण होतं, आणि आत काही जुळलेलंच नसतं, मग माणूस दिवसभर अँटेना फिरवत बसतो. छोट्या पॉकेट राउटरला आणि डोंगलला टीएस-९ नावाचं इवलंसं कनेक्टर असतं, ते लावता येतं पण एवढं नाजूक की कोणाचा धक्का लागला तरी निसटतं, कायमस्वरूपी कामाला त्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरं, पोर्ट दोन असतील तर अँटेना पण दोन लागतात, किंवा एकाच डब्यात दोन असलेला, ज्यातून दोन वायरी निघतात. फोरजी एकाच वेळी दोन वाटांनी डेटा पाठवतं, एकच वायर जोडलीत तर चांगल्या रेंजमध्ये स्पीड निम्म्यावर येऊ शकतो. टॉवरवरचे अँटेना बहुतेक ४५ अंशात तिरपे, एक डावीकडे एक उजवीकडे असे काम करतात, म्हणून आपले पण तसेच लावायचे. दोन वेगळे असतील तर समोरून बघताना फुलीसारखे दिसले पाहिजेत. एकाच डब्यातले असतील तर ते काम कंपनीने केलेलं असतं.

प्रकार ढोबळ तीन. गोल नळीसारखा, चारी बाजूंनी पकडणारा, तो गोंगाट पण चारी बाजूंनी गोळा करतो, म्हणून गाडीला किंवा बोटीला ठीक, घराला नको. चपटा चौकोनी पॅनल, साधारण ८ ते १२ डीबीआय, समोरचा बराच पट्टा बघतो, नेम थोडा चुकला तरी चालतं, नवख्या माणसाने हाच घ्यावा. आणि माशाच्या काट्यासारखा दिसणारा, त्यात पण दोन जाती, सगळे बँड पकडणारा लॉग-पिरिऑडिक आणि एकाच बँडचा यागी. यागी लांबच्या टॉवरला झकास पण कंपनीने बँड बदलला की तो अडगळीत.

डीबीआयचे आकडे बघून भुलू नका. हाताएवढ्या अँटेनावर ३५, ८८ असं काहीही छापलेलं असतं, तेवढं मिळवायला मोठी तबकडी लागते. त्यापेक्षा फ्रिक्वेन्सीची रेंज बघा. ६९८ ते २७०० लिहिलेला असेल तर आपल्याकडचे फोरजीचे सगळे बँड आले. पुढे फाईव्हजी राउटर घ्यायचा विचार असेल तर ३८०० पर्यंतचा घ्या, कारण आपल्याकडचं मुख्य फाईव्हजी ३३०० च्या पुढे आहे.

बसवणं आणि नेम धरणं

आधी जमिनीवर जोडून बघा, चालतंय ना. राउटर बंद करून वायरी लावा, हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका. काही राउटरच्या सेटिंगमध्ये अँटेना आतला की बाहेरचा असं निवडायला असतं, ते बाहेरचा करा, नाहीतर सगळी मेहनत फुकट.

मग खांब. दीड इंची जीआय पाईप, भिंतीला किंवा वाश्याला दोन क्लँपने. पत्र्याच्या शेडच्या मागे किंवा खाली अँटेना लावू नका, पत्र्यातून काही येत नाही. कौलांखाली माळ्यावर मात्र लावता येतो, कोरड्या कौलांतून बऱ्यापैकी येतं, पावसात ओली झाली की थोडं कमी होतं, पण वारा-पाऊस, वीज आणि माकडं या तिन्हींपासून सुटका. माकडांचं हसण्यावारी नेऊ नका, ती वायर ओढतात, अँटेनावर बसून झोके घेतात, आणि तुम्ही धरलेला नेम दुपारपर्यंत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. बाहेर लावायचा असेल तर दोन नट घट्ट करा आणि वायर खांबाला दर फुटावर बांधा.

विजेच्या तारेच्या आसपास खांब उभा करायचा नाही. खांब हातातून निसटून कोसळला तरी तारेला लागणार नाही एवढं अंतर हवं. शेवाळलेल्या कौलांवर चढणं हे नेहमी चढणाऱ्या माणसाचं काम आहे, त्याला दिवसाची मजुरी द्या.

नेम धरायला दोघं लागतात असं म्हणतात, एक वर फिरवणार आणि एक खाली आकडे ओरडणार. त्यापेक्षा वरच्या माणसाने फोन राउटरच्या वायफायला जोडून राउटरचं पेज तिथेच उघडावं, ओरडाओरड वाचते. बँड लॉक करून घ्या, नाहीतर तुम्ही फिरवताय आणि राउटर मधेच बँड बदलतोय, कशामुळे काय झालं ते कळणार नाही. टॉवरच्या दिशेला तोंड करून सुरू करा, दहा-पंधरा अंश फिरवा, हात काढा, बाजूला व्हा, मिनिटभर थांबा, आकडे लिहा, परत फिरवा. हात लावलेला असताना किंवा समोर उभं राहून वाचलेला आकडा खोटा. सेल आयडी पण बघत जा, मधेच बदलला तर तुम्ही दुसऱ्याच टॉवरवर गेलात.

आता निवडताना आरएसआरपी नाही, एसआयएनआर जास्तीत जास्त येईल ती दिशा. मामाकडे टॉवरच्या सरळ दिशेला मायनस ९२ आणि एसआयएनआर ६ येत होता, तिथून जरासा डावीकडे फिरवला तर मायनस ९५ पण एसआयएनआर १४, कारण उजवीकडचा दुसरा टॉवर अँटेनाच्या नजरेआड गेला. स्पीड तिथे दुपटीहून जास्त. दरीतल्या घरांत कधी कधी टॉवरच्या बरोब्बर उलट्या दिशेला, समोरच्या डोंगरावर आपटून येणारा सिग्नल जास्त चांगला मिळतो, तेव्हा एकदा पूर्ण गोल फिरवून बघायला काही हरकत नाही. उंचीचं पण तसंच, फूटभर खाली-वर केल्याने फरक पडतो, आणि माडाच्या झावळ्या समोर येत असतील तर दोन हात बाजूला सरका.

एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही तो अपलोडचा. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो, राउटर मात्र पाव वॅटपेक्षा कमी ताकदीने उत्तर देतो, म्हणून कमी रेंजमध्ये आधी अपलोड मरतो. मीटिंगमध्ये तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं आणि ते म्हणतात तुमचा आवाज तुटतोय, ते हेच. तेव्हा स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघायला विसरू नका.

पाऊस आणि वीज

बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी पाघळून जाईल, आणि वरून साधी काळी टेप. नुसती काळी टेप एका पावसाळ्यात सुटते. वायर घरात शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडा, पाणी त्या झोळाच्या तळातून टपकतं, आत येत नाही. भिंतीला भोक पाडाल ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. समुद्राजवळ असाल तर क्लँप आणि नट स्टेनलेस स्टीलचेच, साधे वर्षभरात गंजून हातात येतात.

विजेचं मात्र मनावर घ्या. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, दोन्ही वेळा कोकणात विजा जोरात असतात. खांबाला जाड तांब्याच्या तारेने अर्थिंग करा, वायर घरात येते तिथे लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा तुकडा) लावा आणि तो पण त्याच अर्थिंगला जोडा, अर्थिंग नसलेला अरेस्टर म्हणजे नुसता शोभेचा. हे वायरमनकडून करून घ्या, घराच्या अर्थिंगशी जोडणं त्यालाच जमतं. एवढं करूनही थेट पडलेल्या विजेपुढे कोणाचं काही चालत नाही, म्हणून गडगडायच्या आधीच अँटेनाच्या वायरी, अ‍ॅडॉप्टर आणि खाली येणारी लॅन केबल तिन्ही काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं, ते फोनवर टाका. गडगडायला लागल्यावर वायरींना हात लावायचा नाही, छपरावर तर जायचंच नाही.

पावसाने रेंज जाते असं सगळे म्हणतात, पण या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या थेंबांनी फारसं काही होत नाही. जाते ती ओल्या झाडांमुळे, आणि टॉवरची लाईट गेल्यामुळे. उन्हाळ्यात लावलेल्या अँटेनासमोर जुलैत हिरवी भिंत उभी राहते, तेव्हा जूननंतर एकदा आकडे परत बघा, थोडं फिरवावं लागतं.

एवढं करूनही चालत नसेल तर

आरएसआरपी मायनस ९०, एसआयएनआर १८, आणि तरी रात्री आठ ते अकरा स्पीड १ एमबीपीएस, असं असेल तर अँटेनाला दोष देऊ नका, टॉवरवर गर्दी आहे. गणपतीत चाकरमानी आले की हेच होतं, पाच-सात दिवस अख्खं गाव त्याच टॉवरवर. दुसरा बँड किंवा वेगळ्या दिशेचा दुसरा टॉवर लॉक करून बघा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सिम. म्हणूनच सुरुवातीला घरभर फिरताना दोन-तीन कंपन्यांची सिम घेऊन फिरा असं मी म्हणतो, शेजाऱ्याचा फोन मागून घेतला तरी चालतं.

आकडेच सुधारले नसतील तर क्रमाने बघा, सेटिंगमध्ये बाहेरचा अँटेना निवडलाय का, कनेक्टर एसएमएच आहे का, जोडात पाणी गेलंय का, दोन वायरींपैकी एक सैल आहे का. एकेक वायर काढून बघितली की मेलेली वायर कळते, ती काढली तरी आकडा हलत नाही. हे मिनिटभरच करा, पोर्ट उघडा ठेवून राउटर तासन् तास चालवू नका.

राहिला प्रश्न फोनच्या कॉलचा. अँटेना राउटरला आहे, फोनला नाही, त्यामुळे घरात फोनची रेंज होती तशीच राहणार. त्यावर उपाय वायफाय कॉलिंग, एअरटेलने ते २०१९ च्या डिसेंबरमध्ये आणि जिओने २०२० च्या जानेवारीत सुरू केलं, वेगळे पैसे लागत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या खाली, वायफाय कॉलिंग चालू करा, मग नेहमीच्याच नंबरवर कॉल राउटरवरून येतात जातात. बँकेचे ओटीपी पण बहुतेक फोनवर येतात. फोनने कमजोर रेंजलाच चिकटून राहायचा हट्ट धरला तर एरोप्लेन मोड टाकून वायफाय परत चालू करा, लगेच सुधारतो. आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडून ठेवा, लाईट गेली तरी तीन-चार तास जातात, अर्थात तेवढा वेळ टॉवर चालू असेल तर.